तपासनिसाची तपासणी

नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, मोजमापाची उपकरणे तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, ऐन मे महिन्यात, माझ्या टेबलावर लाकडी पेटीतून एक पोलादी दांडा आला. मोठ्या मायक्रोमीटरचा शून्यबिंदू लावण्यासाठी वापरतात तसा, अर्धा मीटर लांबीचा. मी तो पेटीतून उचलणार तोच आमचे वरिष्ठ म्हणाले, “मॅडम, हात नका लावू. आत्ताच टेम्पोतून आलाय तो. रात्रभर इथे राहू दे, उद्या बघा.” मला हे सोवळ्याओवळ्यासारखे वाटले. तेव्हा त्यांनी चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दाखवला. पोलाद तापमानाच्या दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते. बाहेर ३६ अंश सेल्सियस, प्रयोगशाळेत २० अंश; म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्यात ९२ मायक्रॉनचा फरक पडणार. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून उन्हात आलेला दांडा त्याच दिवशी मोजला असता, तर माझ्या प्रमाणपत्रात एका केसाहून मोठी चूक शिरली असती, आणि चूक दांड्याची नसून माझ्या घाईची आहे हे पुढे कोणालाच कळले नसते.

लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सियस हे संदर्भ तापमान जगभर ठरलेले आहे ते याचसाठी. मोजणाऱ्या उपकरणाच्या तयारीची हीच गोष्ट अंतराळयानांनाही लागू पडते. अग्निबाणाच्या प्रक्षेपणाची उलटगणती दूरचित्रवाणीवर पाहताना आपले लक्ष अग्निबाणाकडे असते; परंतु हा अग्निबाण किंवा त्याच्या माथ्यावरचे यान सुरक्षित आहे, असे जी उपकरणे सांगतात, त्यांची स्वतःची तयारी त्याआधी कित्येक आठवडे, कधी कधी कित्येक महिने चाललेली असते. गळती हुंगणारी यंत्रे, बोल्ट आवळण्याचे रेंच, दाबमापक, वायूचे सुगावे लावणारे संवेदक, वेल्डिंगच्या आतले दोष दाखवणारे किरणोत्सर्गी कॅमेरे यांपैकी प्रत्येकाला यानाजवळ जाण्याआधी स्वतःची परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा कशी घेतात आणि ती चुकली तर काय होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

या परीक्षेचे मूळ तत्त्व आपण बाजारात नेहमी पाहतो. वाशीच्या बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्याच्या काट्याविषयी शंका आली, तर वैधमापन खात्याचा निरीक्षक काटा उघडून आतल्या तारा पाहत बसत नाही; तो शिक्का मारलेले, माहीत असलेले वजन काट्यावर ठेवतो आणि काटा काय सांगतो ते पाहतो. उत्तर आधीपासून ठाऊक असलेला प्रश्न उपकरणाला विचारायचा, एवढेच ते तत्त्व. अंतराळयानाच्या सुरक्षेच्या तपासणीत मात्र त्याला एक वेगळे वळण आहे. तिथे उपकरणाचे काम बहुधा दोष शोधण्याचे असते. त्यामुळे त्याची परीक्षा घ्यायची तर त्याच्यासमोर एक खोटा, पण नेमका मोजलेला दोष ठेवावा लागतो आणि तो त्याच्या नजरेस पडतो का, हे पाहावे लागते. जे उपकरण नेहमी ‘सर्व ठीक’ असे सांगते, ते खरोखर तपासत आहे की बंद पडले आहे, हे ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही.

गळतीचेच पाहू. सायकलची ट्यूब पंक्चर झाली की दुकानदार ती पाण्याच्या घमेल्यात दाबतो आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतो. यानाच्या इंधनाच्या टाक्या, नळ्या आणि झडपा यांत याहून फार सूक्ष्म गळती शोधावी लागते, म्हणून तिथे हेलियम वापरतात. हेलियमचा अणू लहान असल्यामुळे तो बारीकशा फटीतूनही निसटतो, तो कशाशीही अभिक्रिया करत नाही, आणि साध्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग इतके कमी असते, त्यामुळे जिथे तो सापडतो तिथे तो टाकीतूनच आला असण्याची शक्यता मोठी. भाग हेलियमने भरून बाहेरून हुंगतात, किंवा तो निर्वात कक्षात ठेवून कक्षात हेलियम येतो का ते पाहतात. हुंगण्याचे काम करणारे यंत्र अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करते आणि वस्तुमान चार असलेले तेवढे मोजते.

ही गळती मोजण्याचे एकक नवख्याला गोंधळात टाकते, पण त्याचे साध्या भाषेत रूपांतर करता येते. या क्षेत्रातली माणसे ‘दहाचा उणे तिसरा घात’ म्हणतात, तेव्हा नेहमीच्या हवेच्या दाबाचा एक घनसेंटिमीटर वायू निसटायला सुमारे १७ मिनिटे लागतील, असा त्याचा अर्थ होतो. ‘उणे सहावा’ म्हटले की तेवढ्याच वायूला साडेअकरा दिवस लागतात. ‘उणे नववा’ म्हटले तर ३१ वर्षांहून अधिक. पाण्यातल्या बुडबुड्यांनी ज्याचा पत्ता कधीच लागणार नाही अशी ही गळती आहे. मग अशी गळती ओळखणारे यंत्र स्वतः नीट चालते आहे, हे कसे ठरवायचे? त्यासाठी यंत्राला जोडायची एक छोटी धातूची कुपी असते. तिच्यात हेलियम भरलेला असतो आणि तो काचेच्या पातळ भिंतीतून ठरलेल्या गतीने झिरपत राहतो. कुपीवर ती गती, मोजणीचे तापमान आणि तारीख छापलेली असते. तिला आम्ही ‘स्टँडर्ड लीक’ म्हणत असू. गळती विकत घेऊन, पेटीत जपून ठेवून, वर्षातून एकदा तिचीही तपासणी करून घ्यायची, हे ऐकून माझ्या आईला फार हसू आले होते.

पण ती वर्षातली तपासणीही आवश्यकच असते, कारण कुपीतला हेलियम दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आणि झिरपण्याची गती तापमानाबरोबर बदलते. काचेच्या कुपीत दर अंशाला साधारण तीन टक्के. कुपी २३ अंशांवर मोजलेली आणि काम २८ अंशांच्या खोलीत, असे झाले आणि दुरुस्ती केली नाही, तर उत्तरात १५ टक्क्यांच्या आसपास तफावत येते. आणखी एक अडचण खोलीची. शेजारच्या टेबलावर कोणी हेलियमची टाकी मोकळी केली, तर खोलीभर हेलियम पसरतो आणि मिरचीची फोडणी दिलेल्या स्वयंपाकघरात मोगऱ्याचा वास येत नाही, तशी यंत्राची गत होते. म्हणून तयारीत यंत्राबरोबरच खोलीची हवाही मोजतात, आणि ती साफ होईपर्यंत थांबतात. हे थांबणे वेळापत्रकात लिहिलेले नसले की तिथेच घाई होते, असा माझा अनुभव आहे.

उपग्रहांच्या इंधनाचा विषय निघाला की नवी मुंबईतल्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्यांना तो लगेच समजतो. हायड्रॅझिन आणि त्याच्या जातीची इंधने अत्यंत विषारी असतात. हायड्रॅझिनची कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग इतकी कमी आहे. इथल्या कारखान्यांत जसे पाळीच्या सुरुवातीला वायुसूचकावर ज्ञात वायूचा एक फुसका सोडून तो वाजतो का ते पाहतात, ज्याला सगळे ‘बम्प टेस्ट’ म्हणतात, तसेच इंधन भरण्याच्या इमारतीतही करावे लागते. तिथे नेले जाणारे प्रत्येक विद्युत उपकरण फ्लेमप्रूफ किंवा तशाच सुरक्षित बनावटीचे, म्हणजे ठिणगीने बाहेरचा वायू पेटू न देणारे, असावे लागते, कारण सुरक्षा तपासायला नेलेल्या यंत्रातूनच ठिणगी उडाली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. १९ ऑगस्ट २०१३ रोजी इस्रोने जीएसएलव्ही डी-५ चे प्रक्षेपण ७४ मिनिटे बाकी असताना थांबवले, ते दुसऱ्या टप्प्यातून याच प्रकारच्या इंधनाची गळती दिसल्यामुळे. तो अग्निबाण दुरुस्त होऊन ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वीपणे उडाला.

वेल्डच्या आतले दोष पाहण्यासाठी क्ष-किरण किंवा गॅमा किरण वापरतात. आपल्याकडे या कामाची काही साधने वाशीतच तयार होतात, ही गोष्ट तिथे रोज भाजी घेणाऱ्यांनाही माहीत नसते. अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेचे संकुल वाशीत आहे आणि औद्योगिक छायाचित्रणासाठी लागणारे इरिडियम-१९२ चे स्रोत व त्यांचे कॅमेरे ही संस्था पुरवते. या स्रोताची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते. आज ज्या वेल्डच्या चित्राला चार मिनिटे पुरतात, त्याच वेल्डला अडीच महिन्यांनी जवळजवळ आठ मिनिटे लागतात. म्हणून तयारीच्या दिवशी स्रोताची तारीख पाहून तक्ता नव्याने काढतात. चित्र खरे की खोटे हे ठरवण्यासाठी वेल्डवर बारीक होत जाणाऱ्या तारांची एक पट्टी ठेवतात. चित्रात ठरलेल्या जाडीची तार दिसली नाही, तर वेल्ड कितीही निर्दोष दिसला तरी ते चित्र बाद. इथेही तोच खोटा दोष, फक्त तारेच्या रूपात.

रेंचविषयी थोडक्यात. ठरलेला जोर लागताच ‘टक्’ असा आवाज करणारा टॉर्क रेंच काम संपल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहून सैल पडते. त्याची तपासणी वर्षाने किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करावी असा सर्वसाधारण दंडक आहे. पाच हजारांची मोजदाद कोण ठेवतो, हा प्रश्न मी ज्या ज्या कारखान्यात विचारला तिथे लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

यानाजवळ नेण्याआधी उपकरणांना स्वच्छतेचीही दीक्षा घ्यावी लागते. स्वच्छ कक्षात नेण्याची प्रत्येक वस्तू अल्कोहोलने पुसतात, कागदी खोके बाहेरच ठेवतात कारण पुठ्ठ्याचे तंतू उडतात, आणि हातातल्या हत्याराला दोरी बांधून तिचे दुसरे टोक मनगटात किंवा पट्ट्यात अडकवतात. आत जाताना किती हत्यारे नेली आणि बाहेर येताना किती आणली, याची लेखी मोजणी होते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत काम पुढे जात नाही. लग्नघरात जेवणावळ संपल्यावर आचारी पळ्या मोजून घेतो, त्याचीच मला नेहमी आठवण होते.

आता प्रश्न असा की माझ्या प्रयोगशाळेतला दांडा खरा आहे हे कोण सांगणार? त्यासाठी एक साखळी असते. कारखान्यातले उपकरण प्रयोगशाळेच्या उपकरणाशी ताडून पाहतात, प्रयोगशाळेचे उपकरण त्याहून अचूक अशा संदर्भ उपकरणाशी, आणि ते शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या राष्ट्रीय मानकाशी. प्रत्येक पायरीवर वरचे उपकरण खालच्याहून निदान चौपट अचूक असावे, असा जुना संकेत आहे. साखळी अखंड असेल तर चूक कुठे शिरली ते मागे मागे जात शोधता येते. पण साखळीवर सर्व भार टाकण्यात एक धोका असतो, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका दांड्याचेच आहे.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली आणि काही आठवड्यांतच कळले की तिची चित्रे धूसर येत आहेत. २.४ मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा काठाकडे सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासला गेला होता. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढी ही चूक. विशेष म्हणजे आरसा घासण्यात कारागिरांची कुठेही हयगय झाली नव्हती; त्यांनी तो तपासणी उपकरणाने सांगितल्याप्रमाणे अत्यंत काटेकोरपणे घासला होता. चूक उपकरणात होती. दोन आरसे आणि एक भिंग असलेल्या त्या उपकरणात भिंगाचे अंतर लावण्यासाठी, तापमानाने फारशी न वाढणाऱ्या इन्व्हार या मिश्रधातूचा एक दांडा वापरला होता. दांड्याच्या टोकावर एक टोपी होती, टोपीला बारीक छिद्र होते, आणि छिद्रातून आत गेलेला प्रकाश दांड्याच्या टोकावरून परत यावा अशी योजना होती. टोपीवरून प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून तिला काळा लेप दिला होता. त्या लेपाचा एक कपचा निघाला होता. प्रकाश दांड्याऐवजी टोपीच्या त्या उघड्या पडलेल्या जागेवरून परतला आणि भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले.

मला या कहाणीत दोन गोष्टी टोचतात. पहिली ही की भिंग त्या चुकीच्या जागेपर्यंत खाली सरकतच नव्हते, म्हणून अंतर भरून काढायला चक्क वॉशर घातले गेले. रबाळ्याच्या कोणत्याही वर्कशॉपमधला जुना फिटर ‘इथे वॉशर का लागतोय?’ असे विचारल्याशिवाय राहिला नसता, असे मला वाटते. पण दुसऱ्याच्या घाईला घरबसल्या नावे ठेवणे सोपे असते, हेही खरे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच आरशाची तपासणी आणखी दोन साध्या उपकरणांनी झाली होती आणि त्या दोन्हींनी चूक दाखवली होती. परंतु मुख्य उपकरण अधिक अचूक मानले जात असल्यामुळे त्या दोघांची साक्ष बाजूला ठेवली गेली. अधिक अचूक म्हणजे अधिक बरोबर, असा जो सोयीचा समज असतो, तो तिथे महागात पडला. एखादा माणूस अगदी सेकंदासह वेळ सांगतो, पण त्याचे घड्याळ एक तास पुढे असू शकते. चुकीचा आकार नेमका माहीत असल्यामुळेच हबलचा दोष डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना अवकाशात जाऊन दुरुस्त करता आला: आरसा नेमका जेवढा चुकला होता तेवढाच उलट्या बाजूने चुकणारा चष्मा त्याला लावला.

उपकरण बिघडते तेव्हा ते कोणत्या बाजूने खोटे बोलते, हाही तयारीतला महत्त्वाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या अंतराळ शटलच्या मोठ्या टाकीच्या तळाशी द्रव हायड्रोजनसाठी चार संवेदक असत. त्यांनी फक्त ‘ओले’ किंवा ‘कोरडे’ एवढेच सांगायचे. काही कारणाने इंधन वेळेआधी संपत आले, तर ते ‘कोरडे’ सांगणार आणि इंजिने वेळीच बंद होणार, कारण रिकाम्या नळीवर पंप फिरला तर इंजिन फुटू शकते. प्रक्षेपणाआधी या संवेदकांना कृत्रिमरीत्या ‘आता कोरडे सांगा’ असा संकेत पाठवतात. हाच पुन्हा आपला खोटा दोष. १३ जुलै २००५ रोजी डिस्कव्हरी हे शटल सज्ज असताना चारपैकी एक संवेदक हा संकेत मिळाल्यावरही ‘ओले’च सांगत राहिला आणि उड्डाण रद्द झाले. या विद्युत मंडलाची रचना अशी होती की कुठे जोड सुटला तरी उत्तर ‘ओले’ असेच यावे. म्हणजे बिघडलेला संवेदक टाकी भरलेली आहे असा निर्वाळा देणार, आणि तेही नेमके ती रिकामी होत असताना.

हाच त्रास डिसेंबर २००७ मध्ये अटलांटिस या दुसऱ्या शटलला पुन्हा झाला. ६ आणि ९ डिसेंबरचे दोन्ही प्रयत्न सोडून द्यावे लागले. दोष शोधताना पंचाईत अशी होती की टाकी रिकामी आणि गरम असताना सगळे संवेदक व्यवस्थित वागत. उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन भरला की मगच बिघाड होई. शेवटी १८ डिसेंबरला केवळ तपासणीसाठी टाकी भरली गेली आणि तारांमध्ये विजेचा सूक्ष्म ठोका पाठवून त्याचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो, ते मोजणारे उपकरण जोडले गेले. विहिरीत दगड टाकून ‘डुबुक्’ ऐकू येईपर्यंत मोजतात आणि खोलीचा अंदाज घेतात, तसेच हे. ठोका संवेदकापर्यंत न जाता टाकीच्या भिंतीतून तारा आत जातात त्या जोडापाशीच परत फिरत होता. थंडीने आकसून जोडाच्या पिना संपर्क सोडत होत्या. त्या डाख देऊन पक्क्या केल्या आणि ७ फेब्रुवारी २००८ रोजी यान उडाले. चार संवेदक निर्दोष होते, खोटे बोलत होता तो मधला निरोप्या.

२००५ च्या ज्या उड्डाणाला संवेदकाने दोन आठवडे खोळंबवले, त्यात आणखी एक तपासणी साधन पहिल्यांदाच जात होते. त्यामागे कोलंबिया या शटलचा अपघात होता. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबियाच्या उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा पाऊण किलोच्या आसपासचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. जमिनीवरच्या अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रे मिळावीत अशी मागणी केली होती. ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना त्या कडेतून तप्त वायू आत शिरले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानाचे पोट आणि पंख अवकाशातच पाहता यावेत, म्हणून नंतर एक नवी सोय करण्यात आली. शटलचा यांत्रिक हात सुमारे १५ मीटर लांबीचा होता, पण तो पोटाखाली पोहोचत नसे. म्हणून तेवढ्याच लांबीची एक काठी तयार झाली. तिच्या टोकाला लेसरने पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणारी दोन साधने आणि एक कॅमेरा होता, आणि हाताने ती काठी धरून यानाच्या खालच्या बाजूला वळवायची होती.

अशा साधनाची तयारी जमिनीवर करणे हेच एक कोडे असते. शटलचा तो हात अवकाशात मोठमोठे भार हलवी, परंतु पृथ्वीवर त्याला स्वतःचेच वजन पेलवत नसे. त्यामुळे ज्या कामासाठी काठी बनवली ते काम उड्डाणाआधी जमिनीवर जसेच्या तसे करून पाहणे शक्य नव्हते. जमिनीवर तिला आधार देऊन, यानाच्या मालकक्षात उजव्या कडेला बसवून, तिचे जोड, विद्युत संपर्क आणि साधने वेगवेगळी तपासायची, आणि सारे एकत्र कसे चालते हे थेट कक्षेत गेल्यावर पाहायचे. शिवाय जी काठी यानाला उड्डाणात काही इजा झाली का हे सांगणार, तिलाही त्याच उड्डाणाचे हादरे सोसायचे असतात. २६ जुलै २००५ रोजी डिस्कव्हरी उडाले, काठीने पंखांच्या कडा तपासल्या. त्याखेरीज अंतराळ स्थानकाजवळ पोहोचल्यावर यानाने सुमारे १८० मीटर अंतरावर हळूच कोलांटी घेतली आणि स्थानकातल्या अंतराळवीरांनी लांब भिंगांच्या कॅमेऱ्यांनी त्याच्या पोटाची छायाचित्रे काढली. त्यात उष्णतारोधक फरशांच्या फटींतून बाहेर डोकावणाऱ्या दोन पट्ट्या दिसल्या, आणि ३ ऑगस्टला स्टीफन रॉबिन्सन यांनी बाहेर जाऊन त्या बोटांच्या चिमटीने ओढून काढल्या. हबलच्या वेळी ज्या दुय्यम साक्षीदारांना घरी पाठवले होते, त्यांना इथे मुद्दाम बोलावून घेतले होते.

आपल्याकडचे ताजे उदाहरण गगनयानच्या पहिल्या चाचणी उड्डाणाचे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी उलटगणती अवघ्या पाच सेकंदांवर आली असताना संगणकाने प्रक्षेपण थांबवले. नंतर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितले की देखरेखीच्या यंत्रणेत विसंगती आढळली होती. ती दूर करून सकाळी दहा वाजता यान सोडले गेले. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘यंत्रच चुकले, म्हणजे उगाच थांबवले’ असा निष्कर्ष काढला. मी त्यांच्याशी वाद घातला. देखरेख करणाऱ्याचेच काही बिनसले असेल, तर यान ठीक आहे असे म्हणण्याला आधारच उरत नाही. त्यामुळे थांबणे हा त्या क्षणी एकच शहाणा पर्याय होता.

एक शेवटची बाब सांगायची राहिली, जी बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. उपकरणाची परीक्षा वापराआधी होते, तशी वापर झाल्यावरही होते, आणि ही दुसरी परीक्षा घेताना उपकरण जसे आले तसे, न पुसता, न दुरुस्त करता आधी मोजायचे असते. त्या वाचनाला आमच्याकडे ‘अ‍ॅज फाउंड’ म्हणत. रेंच वर्षाने परत आला आणि तो सहा टक्के जादा दाखवतो आहे असे आढळले, तर गेल्या तपासणीपासून आजपर्यंत त्याने आवळलेला प्रत्येक बोल्ट थोडा सैल राहिला असण्याची शक्यता उभी राहते. मग नोंदवह्या काढून ते बोल्ट कुठे कुठे बसले याचा शोध घ्यावा लागतो. प्रक्षेपण व्हायचे असेल तर ते थांबवता येते. यान निघून गेले असेल, तर निदान काय घडू शकते याचा अंदाज बांधता येतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याकडून असाच एक रेंच आला. तो ग्रीसने माखलेला होता, आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत हवा होता. मी तो स्वच्छ केला, पहिला झटका देताच काटा बाजूला गेलेला दिसला, म्हणून हात सवयीने स्क्रूकडे गेला आणि मी तो नीट लावून टाकला. मग वही उघडली. वाचन दुरुस्तीनंतरचे होते. आधी तो किती चुकत होता, हे आता कोणालाही कधीच कळणार नव्हते. त्या कारखान्याने वर्षभरात त्या रेंचने केलेली सगळी कामे शोधून, हाताला लागले तेवढे बोल्ट पुन्हा तपासले, आणि त्यात त्यांचे तीन दिवस गेले. आमच्या वरिष्ठांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त ती वही माझ्याकडे सरकवली, आणि ‘आल्यावेळचे वाचन’ या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिले: नोंद घेतली नाही.